सहाशे बारा पाठी आणि एक

या मित्रांनो, जवळ या. थोडं सरकून बसा, मागच्यांनाही जागा होऊ द्या. माझा आवाज बारीक आहे, कारण मी मुळातच बारीक आहे. तुमच्या अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, एवढाच माझा पसारा. पण गोष्ट मात्र मी पोटभर सांगणार आहे. ती ऐकून उठाल तेव्हा बसताना होतात त्याहून हसरे असाल, हा माझा शब्द.

मी एक जुनं मेमरी कार्ड आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटात बसतं ना, तेच. माझं मूळ विचाराल तर वाळू. हो, साधी वाळू! देवानं ती मुठी भरभरून जिकडेतिकडे टाकून ठेवली आणि माणसानं तिच्यातून आठवण ठेवायची युक्ती काढली. मी भट्टीत तापलो, आरशासारखा घासला गेलो. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेल्या माणसांनी, जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव अशा खोलीत, माझ्यावर केसाहून बारीक रेघा कोरल्या. मग मला काळं कवच चढवलं, पाठीवर सोन्याचा मुलामा दिलेल्या नऊ पट्ट्या बसवल्या आणि कुशीला एक इवलीशी खिट्टी लावली. ती खिट्टी खाली ओढली की माझ्यावर नवं काही लिहिता येत नाही आणि जुनं काही पुसताही येत नाही. खिट्टी लक्षात ठेवा बरं का, ती पुन्हा येणार आहे. माझ्या छातीवर आकडा छापला, एक जीबी. त्या काळी हा आकडा पाहून लोक भुवया उंचावत असत. आज हसतात. हसू देत.

मला आणि माझ्या कॅमेऱ्याला विकत घेतलं ते एका शिंप्यानं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. कोट शिवावा तो मास्तरांनीच, असं त्यांचं नाव होतं. पण वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांनी कात्री खाली ठेवली आणि दूर डोंगरात, मुलाकडे राहायला जायचं ठरवलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या बाईंनी त्याच आठवड्यात स्वतःचं दुकान उघडलं. उताराच्या रस्त्यावर, खाली चपला दुरुस्त करणाऱ्याचं आणि वर चष्मेवाल्याचं दुकान, त्यांच्या मध्ये हे. पुढं काच, आत कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात तीन पाखांचा आरसा. त्या दिवशी मास्तरांनी बाईंच्या हातात कॅमेरा ठेवला. पोटात मी.

"हे कशाला मास्तर?" बाई म्हणाल्या. "मला तर साधं बटणसुद्धा दाबता येत नाही."

"आयुष्यभर बटणंच लावलीस, आता एक दाब की! नीट ऐक. कोट शिवून झाला, की गिऱ्हाईक निघायच्या आधी त्याच्या पाठीचा फोटो काढायचा. एकच. आणि मी म्हणेन तेव्हा येऊन मला दाखवायचा."

"पाठीचाच का?"

"अगं, पुढून माणूस आरशात बघतो आणि पोट आत ओढून घेतो. पाठीला सोंग घेता येत नाही. शिंपी कसा आहे हे पाठीलाच विचारावं."

बाईंनी लगेच बटण दाबलं. कॅमेरा उलटा धरलेला होता. त्यामुळे माझ्या अंगावर उमटलेला पहिला फोटो म्हणजे बाईंचं अर्धं नाक, एक डोळा आणि दचकलेली भुवई. मास्तर हसून हसून खुर्चीत बसले. मित्रांनो, माझ्या आयुष्याची सुरुवात अशी हसण्यानं झाली, आणि जे हसण्यानं सुरू होतं त्यावर देवाची माया असते, असं मी आपलं मानतो.

मग आमचे कामाचे दिवस सुरू झाले. काय सांगू! टपालवाल्याची पाठ, एका बाजूला झोळीनं झुकलेली. दातांच्या डॉक्टरीणबाईंची पाठ, दिवसभर वाकून गोल झालेली. एका वाद्यमेळ्यातल्या ढोलवाल्याची पाठ, ती तर दारासारखी, चौकटीत मावेना! चेहरा एकाचाही नाही. तरी मी प्रत्येकाला ओळखत होतो. बाई मशीनवर बसल्या की रेडिओ लावत. सकाळी त्यावर गाऊन सांगितलेलं प्रवचन असे. आधी एक ओळ गायची, मग तिचा अर्थ, मग अर्थाला एक गोष्ट, आणि गोष्ट रंगात आली की पुन्हा तीच ओळ. बाई पायानं मशीनचा ठेका धरत आणि मी कॅमेऱ्याच्या पोटात डोलत असे. माझ्या बोलण्याला थोडी लय लागली असेल तर ती तिथली. आणि माझी ती ओळ म्हणाल तर एकच, मास्तरांची. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन येई आणि ते नमस्कारही न करता विचारत, "काय गं, पाठ कशी बसली?"

बारा वर्षांत सहाशे बारा फोटो झाले. मी काठोकाठ भरलो. त्या दिवशी कॅमेऱ्यानं 'जागा संपली' असं दाखवलं. बाईंनी मला बाहेर काढलं, पुसलं, माझी खिट्टी नखानं खाली ओढली आणि म्हणाल्या, "आता तुला कुणी हात लावायचा नाही." मला वाटलं, केवढा हा मान! पण मानाची माणसं कुठं ठेवतात ठाऊक आहे? बटणांच्या डब्यात. चार-चार डोळ्यांच्या त्या मंडळींत मी एकटाच आंधळा. "नवं कार्ड आणते, आणते" म्हणत बाईंची दोन वर्षं गेली, कॅमेरा कपाटात गेला, आणि डब्याचं झाकण उघडलं की बोटं मला बाजूला सारून बटण उचलत. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटायचं. ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो, मी सुटं बटण नाही, तुमची बारा वर्षं आहे!

आणि एका सकाळी मास्तरांचा फोन आला. आवाज कसला, नगारा! बाईंनी फोन कानापासून हातभर लांब धरला, म्हणून मलाही डब्यात ऐकू आलं.

"अगं पोरी, डोळ्यांचं ऑपरेशन झालं! सुईत दोरा ओवला मी काल. पहिल्या फटक्यात! सून म्हणते पाचव्या, तिचं ऐकू नकोस. आता ये. पाठी दाखव."

ही 'पोर' अठ्ठावन्न वर्षांची होती आणि मास्तर एक्याण्णवचे. बाईंनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं, मास्तरांना कोट न्यायचा. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना कोट शिवले त्यांच्या अंगावर बाईंच्या हातचा एकही कोट नव्हता. माप घ्यायला वेळ नव्हता आणि विचारावं तर गुपित फुटणार. चौदा वर्षांत माणूस किती वाकला, किती आटला, हे सगळं बाईंनी अंदाजानं धरलं. पाठ दोन बोटं लांब ठेवली, पुढचा भाग तेवढाच आखूड केला. आणि ठरवलं, कोट अंगावर बसला की त्या पाठीचा फोटो काढायचा. बाईंच्या लेखी बाकी सगळे फोटो त्या एका फोटोची तयारी होते.

त्यासाठी कार्ड हवं. म्हणून बाई आपल्या भाचीला, बहिणीच्या मुलीला, घेऊन दुकानात गेल्या. निघताना भाचीनं कॅमेरा कपाटातून काढून मला पुन्हा त्यात बसवलं होतं, म्हणून मी सगळं कान देऊन ऐकत होतो. दुकानदारानं काचेवर पुठ्ठ्याची पाकिटं मांडली, कार्डांची मोठी फौजच.

बाईंनी एक पाकीट उचललं आणि सवयीनं कापड तपासावं तसं दोन बोटांत चोळलं. "हे धुतल्यावर आटत नाही ना?"

"मावशी!" भाची म्हणाली.

दुकानदार हसला. "आटत नाही आणि रंगही जात नाही. हे घ्या, चौसष्ट जीबी. हजारो फोटो."

"अरे बाबा, तेवढ्या पाठी शिवायला मला अजून दोन जन्म लागतील."

"मग बत्तीस घ्या."

"नको, मोठंच द्या. मास्तरांकडे जायचंय, कमी पडायला नको."

दुकानदारानं मग माझा कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "हा बराच जुना आहे हो. जुन्या कॅमेऱ्यांना कधी कधी मोठं कार्ड झेपत नाही. इथंच फोडा पाकीट, घालून बघू."

शहाणा माणूस! भाचीनं पाकिटाला हात घातला. पण बाईंनी ते तिच्या हातून असं झटकन काढून घेतलं की काचेवरची बाकीची पाकिटं घसरली.

"फोडायचं नाही. नवा कपडा मालकाच्या आधी दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागू द्यायचा नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. या कार्डावर पहिला उमटेल तो मास्तरांचाच फोटो."

"अगं मावशी, हे कार्ड आहे, कोट नाही!"

"नवंकोरं आहे ना? मग झालं."

दुकानदारानं भाचीकडे पाहिलं, भाचीनं छताकडे पाहिलं. आणि मी? मी मनातून जळत होतो. चौसष्ट! माझ्यासारखे चौसष्ट जण त्या एकट्याच्या पोटात. बाहेर पडताना भाची म्हणाली, "जुन्या कार्डातले फोटो कॉम्प्युटरवर उतरवून ठेवू या का आधी?" बाई म्हणाल्या, "कोटाची बाही राहिलीय अजून. आल्यावर उतरवू." मित्रांनो, 'आल्यावर' हा शब्द फार गोड आणि फार धोक्याचा आहे. पुढं ऐका.

दिवसभराचा आगगाडीचा प्रवास, मग रात्रीचा मुक्काम, मग डोंगर चढणारी बस. कोट भाचीच्या मांडीवर, बाळ निजवावं तसा. मी आणि तो नवा, दोघंही बटणांच्या डब्यात, कारण बाई बटणांशिवाय कुठं जात नसत. पाकिटातून तो नम्रपणे म्हणाला, "आजोबा, तुमच्यात काय आहे?"

"पाठी," मी तुटकपणे म्हणालो.

"माझ्यात अजून काहीच नाही," तो म्हणाला. "रिकामं फार मोठं वाटतं हो."

इतकं भाबडं बोलला की माझा राग तिथंच विरला. उरलेली वाट मी त्याला टपालवाल्यापासून एकेक पाठ सांगत गेलो.

मास्तरांच्या घरी पोचलो तेव्हा ते ओट्यावर उभेच होते. वाकलेले, पण काय तेज! बाई पाया पडायला वाकल्या तर ते म्हणाले, "वाकू नकोस, तुझ्या जाकिटाची पाठ बघू दे आधी." त्यांच्या सुनेनं चहा आणला, तो निवून गेला. कारण मास्तरांनी मला कॅमेऱ्यात घालायला लावलं होतं आणि पाहणी सुरू झाली होती. आगपेटीएवढा पडदा, त्यावर भिंग धरून एक्याण्णव वर्षांचा माणूस एकेक पाठ बघतोय. "हं." पुढची. "हं, हं." पुढची. "ढोलवाल्याला किती कापड लागलं गं? तंबूच शिवलास की!" सगळे हसले. बाई मात्र शाळेत निकाल ऐकायला उभं राहावं तशा उभ्या. सहाशे बारा 'हं' ऐकायला अडीच तास लागले. शेवटी मास्तर म्हणाले, "शिकलीस." एवढंच. पण बाईंचा चेहरा असा उजळला की मला पाठीच जपल्या याचं पहिल्यांदा वाईट वाटलं. तो चेहरा माझ्यावर असता तर!

मग कोट बाहेर आला. मास्तरांनी हात घातले. पाठ? पाठ अशी बसली, जणू त्यांच्याबरोबरच वाढली होती. सुनेनं तोंडावर हात ठेवला. मुलगा म्हणाला, "ताई, बाबा दहा वर्षांनी लहान दिसतात." आणि मास्तर? त्यांनी उजवी बाही मनगटाशी धरली आणि एकदम खूश होऊन ओरडले, "अर्धा इंच लांब आहे! सापडली चूक, आता मला जेवण पचेल." स्वतः सुई मागितली, खिडकीशी जाऊन दोरा ओवला, बाहीची कड दुमडून तिथंच टाके घातले. पहिल्या फटक्यात नाही, तिसऱ्या. सुनेनं बोटं मोजून दाखवली.

"आता फोटो," बाई म्हणाल्या. भाचीनं मला काढलं, नव्या कार्डाचं पाकीट मानानं फोडलं आणि त्याला कॅमेऱ्यात बसवलं.

पडद्यावर लाल अक्षरं. कार्ड वाचता येत नाही.

काढलं, पुसलं, फुंकलं, पुन्हा घातलं. लाल अक्षरं. दुकानदारानं सांगितलं होतं तेच. परतीची बस चारला आणि घड्याळात सव्वातीन. डोंगरात कार्डाचं दुकान कुठलं!

"मी फोननं काढते ना," भाची म्हणाली.

"फोननं काढलेला फोनमध्ये राहील," मास्तर म्हणाले. "मला या सगळ्यांच्या रांगेत उभं राहायचंय. टपालवाल्याच्या, ढोलवाल्याच्या. त्या जुन्या कार्डात जागा नाही का?"

"एकाचीही नाही आजोबा. एक पुसावा लागेल. आणि घरी उतरवलेले नाहीत, म्हणजे पुसला तो कायमचा गेला."

मित्रांनो, सहाशे बारांतला कोणता? बाई लगेच म्हणाल्या, "पहिला. माझ्या नाकाचा. तो काय कामाचा?"

"त्याला हात लावू नकोस," मास्तर म्हणाले. "कोटाच्या आत शिवणाऱ्याच्या नावाची पट्टी असते ना? तो फोटो ती पट्टी आहे. पट्टी उसवत नाहीत. एकशे अठ्ठ्याऐंशी काढ."

बाईंचा चेहरा पडला. एकशे अठ्ठ्याऐंशी मला चांगला माहीत होता. एका व्हायोलिन वाजवणाऱ्याचा कोट. त्यानं हात उचलला की सगळी पाठ चुण्या चुण्या होऊन वर ओढली जायची. बाई त्याच्या वाजवण्याचा विचार करायला विसरल्या होत्या. वर्षांनुवर्षं त्या अधूनमधून तो एकच फोटो उघडून बघत आणि मग दिवसभर गप्प राहत.

"ही चूक तुम्हाला दिसली तर," बाई हळूच म्हणाल्या. "मी मुद्दाम ठेवलाय तो. विसरू नये म्हणून."

"मग त्या कोटाचं पुढं काय केलंस?"

"त्याच दुपारी उसवला. नवी पाठ कापली, बगलेत जास्त कापड दिलं. कार्यक्रमाला तो तोच घालून गेला, घाईत दुसरा फोटो राहून गेला."

"वाजवलं त्यानं?"

"वाजवलं."

"हात कुठं अडला?"

"नाही मास्तर. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. फार सुरेख वाजवलं."

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. इतका वेळ नगाऱ्यासारखा वाजणारा तो आवाज आता अगदी मऊ झाला. "अगं, मग हा कोट जगात आहेच कुठं? तू तो तेव्हाच उसवून टाकलास. चांगला कोट त्याच्या अंगावर गेला, सूर देवाच्या कानी गेले. उरला तो फक्त या इवल्याशा डबीत आणि तुझ्या डोक्यात. देवानं कधीच पुसून टाकलेलं तू अजून सांभाळून ठेवतेस होय? सोड पोरी. मला उभं राहायला तेवढीच जागा पुरेल."

मग बाईंनी मला हातात घेतलं आणि माझी खिट्टी नखानं वर सरकवली. दोन वर्षांनी! मला कॅमेऱ्यात घातलं. एकशे अठ्ठ्याऐंशी. 'पुसायचा का?' कॅमेऱ्यानं विचारलं. बाईंचा अंगठा क्षणभर थांबला, आणि दाबला गेला.

काय झालं सांगू? मला दुखेल असं वाटलं होतं. दुखलं नाही. आठवण ठेवणं हेच माझं काम, असं मी जन्मभर समजत होतो. त्या क्षणी कळलं, वेळ आली की सोडून देणं हेही माझ्याच कामात बसतं. आणि माझ्यावरून हललं ते ओझं बाईंच्या खांद्यांवरूनही हललं असावं, कारण त्यांनी असा दीर्घ श्वास सोडला की त्यांची स्वतःची पाठ सरळ झाली. मास्तरांनी ते बरोबर पाहिलं.

"चला, उभे राहा मास्तर. पाठ इकडे. एकच फोटो आहे, हलू नका."

मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाईंनी बटणावर बोट ठेवलं, दाबलं, आणि नेमकं त्याच वेळी मास्तर मान वळवून ओरडले, "कॉलर सरळ आहे का बघ आधी!"

झालं! फोटो निघाला. पाठ आहे, चुणीविना, देखणी. आणि खांद्यावरून मागं वळलेला तो चेहरा, तोंड उघडं, भुवया चढलेल्या, नवे डोळे लखलखणारे. माझ्या अंगावरचा तो एकमेव पूर्ण चेहरा. बाई आधी "अरे देवा" म्हणाल्या, मग हसायला लागल्या, मास्तरही हसू लागले, आणि त्या दोघांना हसताना पाहून मुलगा, सून, भाची, सगळेच. चौदा वर्षांपूर्वी दुकानात ऐकलं होतं तेच हसू. कॉलर? कॉलर जराशी वाकडी आहे. मास्तर अजून फोनवर ते ऐकवतात. हो, अजून! ब्याण्णव लागलंय आणि परवा सुनेचं झंपर उसवून पुन्हा शिवलं त्यांनी.

बस चुकली, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशीची मिळाली.

घरी आल्यावर बाईंनी पिशवी खाली ठेवायच्या आत भाचीनं मला कॉम्प्युटरला जोडलं. माझ्या सहाशे बारा फोटोंची एक प्रत तिथं उतरली आणि दुसरी त्या नव्या कार्डावर. तो म्हणाला, "आजोबा, आता रिकामं वाटत नाही." त्याच्या पोटात माझं अख्खं आयुष्य एका कोपऱ्यात मावलं, आणि मला त्याचा मुळीच राग आला नाही. हल्ली मी डब्यात नसतो. मशीनच्या खणात, खिट्टी वर ठेवून राहतो. रेडिओ तिथून चांगला ऐकू येतो.

तेव्हा मित्रांनो, प्रवासाला निघण्याआधी पाकीट फोडा, कार्ड घालून बघा. जे जपायचं त्याची दुसरी प्रत निघण्याआधीच काढा, आल्यावर नव्हे. आम्हा जुन्यांना सुट्या बटणांत टाकू नका. आणि एखाद्या उसवून टाकलेल्या चुकीचा फोटो मनात कुलूपबंद करून ठेवला असेल तर माझ्यासारखी खिट्टी वर करा, कुणाला तरी उभं राहायला जागा होईल.

आणखी एकच मागणं, मग उठा. रस्त्यानं जाताना पुढं चालणाऱ्या कुणाच्या अंगावर पाठीत नीट बसलेला कोट दिसला, तर घटकाभर थांबा. ज्या हातांनी तो शिवला त्यांची, आणि त्या हातांना शिकवून दूर डोंगरात, वाकड्या कॉलरची तक्रार करत बसलेल्या मास्तरांची, एकदा आठवण काढा.